हप्ता थकला म्हणजे गुन्हा नव्हे

‘हप्ता थकला की पोलीस उचलून नेतात, वसुलीवाल्याविरुद्ध थकबाकीदाराला तक्रारच करता येत नाही,’ असा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. वसुलीवालेच तो ऐकवतात, म्हणून माणूस घाबरतो.

कर्ज न फिटणे ही दिवाणी बाब आहे. बँक दावा लावू शकते, तारण जप्त करू शकते. मात्र फसवणूक केली असेल किंवा दिलेला चेक वटला नसेल, तर फौजदारी खटला होऊ शकतो. हे लपवण्यात अर्थ नाही.

मोबाइलवर ‘वॉरंट’ आले तर सीएनआर क्रमांक, म्हणजे न्यायालयातल्या प्रत्येक खटल्याला मिळणारा १६ अक्षरी स्वतंत्र क्रमांक, मागा आणि न्यायालयांच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. खटलाच नसेल, तर तो कागद निव्वळ धमकी आहे.

थकीत कर्जासाठी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यास मनाई आहे. शिवीगाळ, नातेवाइकांना फोन करून बदनामी, हेही नियमबाह्यच. धमकी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे, मग तुमची थकबाकी कितीही असो.

कॉलची नोंद आणि मेसेज जपून ठेवा. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. धमकी आली असेल तर पोलिसांकडे जायला मात्र थांबू नका.