देझाब्यूझे आणि सिनीक

मराठीत या दोघांनाही आपण ‘सिनिकल’ म्हणून मोकळे होतो. फ्रेंचमध्ये मात्र ‘देझाब्यूझे’ वेगळा आणि ‘सिनीक’ वेगळा. पहिल्याच्या पोटात ‘आब्यूझे’, म्हणजे फसवणे, हे क्रियापद आहे आणि आधीच्या उपसर्गाने ती फसवणूक उतरवली आहे. आपला ‘भ्रमनिरास’ नेमका याच बांधणीचा: आधी भ्रम, मग त्याचा निरास. म्हणजे ज्याने कधी कशावर जीवच लावला नाही, तो देझाब्यूझे होऊच शकत नाही. सिनीकला अशी अट नाही. तो शब्द ग्रीक ‘कुत्र्या’वरून, ग्रीक तत्त्वज्ञ डायोजेनिसच्या पंथातून आला. पण डायोजेनिस होता फकीर. आजचा फ्रेंच सिनीक म्हणजे नीतिनियम उघडउघड धाब्यावर बसवणारा. (‘ब्लाझे’ तिसराच. तो फसलेला नाही, त्याला अजीर्ण झालंय.)

फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरच्या ‘लेद्युकास्याँ सांतिमांताल’चा (१८६९) शेवट पाहा. फ्रेदेरिकला प्रेम हवं होतं, देलोरिएला सत्ता, दोन्ही हुकलं. आता दोघे मित्र शेकोटीपाशी बसून आठवतात काय, तर कोवळ्या वयात फुलं घेऊन कुंटणखान्यात गेलो होतो ते. बायका हसल्या, फ्रेदेरिक लाजून पळाला, आणि पैसे त्याच्याच खिशात असल्यामुळे देलोरिएलाही मागोमाग पळावं लागलं. आपल्या वाट्याला आलेलं सगळ्यात चांगलं ते तेवढंच, यावर दोघांचं एकमत होतं. देझाब्यूझे तो हा. कोणाविषयी तुच्छता नाही, कोणावर डूख नाही.

दुसरा फ्रेंच कादंबरीकार बाल्झाक. त्याच्या ‘ल पेर गोरिओ’मधला (१८३५) व्होत्रँ मात्र अस्सल सिनीक. हा पळालेला कैदी गरीब रास्तिन्याकपुढे सरळ हिशेब मांडतो: एका श्रीमंत बापाच्या मुलीच्या भावाला द्वंद्वात उडवू, बापाची इस्टेट तिला येईल, तू तिच्याशी लग्न कर, दहा लाखांतले दोन लाख फ्रँक माझे. पुढच्या एका कादंबरीत हाच गृहस्थ पॅरिसच्या गुप्तपोलिसांचा प्रमुख होतो. कायद्यावर विश्वासच नसलेल्याला कायद्याच्या खुर्चीत बसायला अडचण कसली?

खरा गोंधळ उडतो तो बाल्झाकच्याच ‘इल्यूझियाँ पेर्द्यू’मधल्या लूस्तो या पत्रकारापाशी. लक्झेंबर्ग बागेत तो गावाकडून आलेल्या कवी ल्युसियाँला सांगतो, मीही तुझ्यासारखाच आलो होतो, खिशात स्वतः लिहिलेलं एक शोकांत नाटक घेऊन. इथवर तो देझाब्यूझे. ऐकताना पोटात कालवतंसुद्धा. पण हाच माणूस परीक्षणासाठी आलेली पुस्तकं पानं न फाडता, म्हणजे न वाचताच, विकून टाकतो. (तेव्हा पुस्तकाची पानं कडेला जोडलेली येत, ती फाडून सुटी केल्याशिवाय वाचता येत नसत.) मला वाटतं, दोन्ही शब्दांमधली सीमा त्या न फाडलेल्या पानांत आहे. डोळे उघडणं हे नशीब असतं. त्यावर दुकान थाटलं की माणूस सिनीक झाला. आणि दुकानाला शिकाऊ लागतोच. ल्युसियाँला मनापासून आवडलेल्या पुस्तकावर त्याला आधी झोडपणारा लेख लिहायला लावतात, मग कौतुकाचा, मग दोन्हींचा निवाडा करणारा तिसरा. प्रत्येकाखाली सही वेगळी.