इलेक्ट्रॉनची साक्ष

लोखंडाचा तुकडा चुंबक आहे का, हे पाहायला टाचणी पुरते. पण त्याच तुकड्याच्या सगळ्यात वरच्या पाच-सात अणुस्तरांत चुंबकत्व कसं आहे, हे विचारलं की बहुतेक उपकरणं हात टेकतात. एक मिलिमीटर जाडीच्या लोखंडात सुमारे 70 लाख अणुस्तर असतात. त्यांच्या गलबल्यात वरच्या थरांचं काही ऐकूच येत नाही. आणि नेमके तेच वेगळे वागतात, कारण पृष्ठभागावरच्या अणूला वरच्या बाजूला शेजारी नसतो.

यावर तोड आहे ती त्या थरांतले इलेक्ट्रॉनच बाहेर काढण्याची. पुरेशा ऊर्जेचा प्रकाश धातूवर टाकला की इलेक्ट्रॉन उडतात, हे आइनस्टाइनच्या 1905 च्या लेखापासून नीट समजलेलं आहे. खोलवरून निघालेला इलेक्ट्रॉन मात्र वाटेत धडका खात ऊर्जा गमावतो आणि आतच अडकतो. बाहेर पडतात ते मुख्यतः वरच्या नॅनोमीटरभर जाडीतले. शिवाय इलेक्ट्रॉनला स्पिन असतो, म्हणजे तो स्वतःच एक इवलासा चुंबक असतो, आणि बाहेर पडताना या चुंबकाची दिशा बहुतांशी टिकते. साक्षीदार फुटत नाही, असं म्हणू या.

अवघड आहे ती उलटतपासणी. स्पिननुसार इलेक्ट्रॉन वेगळे करायला सरळ एक चुंबक का लावू नये? कारण इलेक्ट्रॉनवर विद्युतभार आहे. चुंबकीय क्षेत्रात त्या भारामुळेच तो इतका वळतो की स्पिनचा बारीकसा परिणाम त्यात हरवून जातो. वाट दाखवली भौतिकशास्त्रज्ञ नेव्हिल मॉट यांनी, 1929 मध्ये. वेगवान इलेक्ट्रॉन सोन्यासारख्या जड अणुकेंद्रावर आपटून परततात, तेव्हा एका दिशेच्या स्पिनचे डावीकडे जास्त जातात, उलट स्पिनचे उजवीकडे. दोन्ही बाजूंची मोजणी करायची आणि फरक पाहायचा. पद्धत अत्यंत उधळी आहे. तिची कार्यक्षमता साधारण दहा हजारांत एक भरते. पृष्ठभाग स्वच्छ राखणं ही आणखी एक कटकट. त्यासाठी हवेच्या दाबाच्या सुमारे 10 लाख कोटीव्या हिश्श्याइतकं निर्वात लागतं, नाहीतर उरलेल्या वायूचा थर बघता बघता त्यावर बसतो.

तरीही झुरिकमध्ये भौतिकशास्त्रज्ञ झीगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 मध्ये गॅडोलिनियम या चुंबकीय धातूच्या पातळ थरांतून निघालेल्या इलेक्ट्रॉनचं स्पिन मोजून दाखवलं. पुढे निकेलने घोळ घातला. सिद्धान्तानुसार सगळ्यात कमी ऊर्जेत सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनमध्ये अल्पसंख्य स्पिनचा, म्हणजे धातूत ज्या दिशेचे इलेक्ट्रॉन कमी असतात त्या स्पिनचा, भरणा असायला हवा होता, पण प्रयोगात उलटंच दिसलं. सिद्धान्तच चुकला की काय, यावर बराच खल झाला. 1976 मध्ये निकेलचा एकसंध स्फटिक घेऊन, इलेक्ट्रॉन जेमतेम सुटेल एवढ्याच ऊर्जेचा प्रकाश टाकला, तेव्हा अल्पसंख्य स्पिनचेच इलेक्ट्रॉन जास्त निघाले आणि सिद्धान्त तरला. नमुना आणि ऊर्जा नीट निवडली नव्हती, एवढंच. मला या सगळ्या कहाणीत हा भाग सर्वांत आवडतो.

प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा बारीक झोतही चालतो. तो पृष्ठभागावरून फिरवायचा आणि झोताच्या धक्क्याने प्रत्येक बिंदूतून उसळणाऱ्या दुय्यम इलेक्ट्रॉनचं स्पिन मोजायचं, की चुंबकत्वाचा नकाशाच हाती येतो. जपानमध्ये 1984 च्या सुमारास असे नकाशे मिळू लागले. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत लोखंडाच्या स्फटिकावर क्रोमियमची पाचर चढवली गेली, एका टोकाला अगदी पातळ आणि पुढे हळूहळू जाड होत जाणारी. नकाशात काळे-पांढरे पट्टे उमटले. क्रोमियमचा एकेक अणुस्तर वाढला की वरच्या थराचं चुंबकत्व उलटत होतं. ही आवर्तता बरोबर दोन थरांची नसून किंचित जास्त आहे, त्यामुळे दर वीसेक थरांनंतर पट्ट्यांचा ताल एकदा चुकतो. ती चूकही नकाशात स्पष्ट दिसते.