उंटिणीच्या दुधाला गाईचे नियम चालत नाहीत

उंटिणीच्या दुधाला विरजण लावलं तर कवडी दही लागत नाही, पातळ आणि सैल काहीतरी तयार होतं. चीझसाठी वासराच्या पोटातून मिळणारं, दूध साकळवणारं रेनेट घातलं, तरी दूध नीट साकळत नाही. वाळवंटी भागांत हजारो वर्षं प्यायलं जाणारं हे दूध कारखान्यात इतक्या उशिरा पोहोचलं, त्याचं एक मोठं कारण या हट्टी स्वभावात आहे.

दुधातलं केसीन हे प्रथिन सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं आणि कॅपा-केसीन हा त्याचाच एक प्रकार या गोळ्यांना बाहेरून सांभाळतो. रेनेटमधलं कायमोसिन हे विकर (एन्झाइम) नेमका तोच कापतं. मग गोळे एकमेकांना चिकटतात आणि चीझ बनतं. गाईच्या केसीनमध्ये कॅपाचं प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास असतं, उंटिणीच्या केसीनमध्ये ते जेमतेम साडेतीन टक्के. शिवाय त्याची रचनाही वेगळी, त्यामुळे वासराचं कायमोसिन तिथे अडखळतं. तोडगा उंटाकडेच सापडला. उंटाच्या कायमोसिनचं जनुक बुरशीत घालून ते विकर तयार करण्यात आलं. गंमत म्हणजे ते गाईचं दूधही वासराच्या विकरापेक्षा चांगलं साकळवतं, म्हणून आज गाईच्या चीझसाठीही त्याचा वापर होतो.

त्याआधीच, १९८९ मध्ये, पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानिया देशाच्या राजधानीत, नुआकशॉत इथे, नॅन्सी अबैदररहमान यांनी ‘तिविस्की’ ही डेअरी सुरू केली होती. दूध भटक्या पशुपालकांकडून यायचं. पुढे त्यांनी चीझही बनवलं, पण युरोपच्या आयात नियमांत उंटाच्या दुधाला जागाच नव्हती. माझ्या मते या धंद्यातलं सर्वांत मोलाचं धाडस त्यांचंच.

उष्णतेचीही अडचण आहे. गाईच्या दुधातलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन उंटिणीच्या दुधात नसतं. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना हे दूध चालतं, त्याचं हे एक कारण. पण दूध दीर्घकाळ टिकावं म्हणून १४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवताना हीच उणीव नडते आणि दूध स्थिर राहत नाही. म्हणून बाजारात पाश्चरीकृत दूध आणि भुकटी यांवर भर दिसतो. मधुमेहावरच्या गुणांची जाहिरात जोरात होते; काही छोट्या अभ्यासांत आशादायक निष्कर्ष आहेत, पण हे दूध औषधाची जागा घेत नाही. आणि जनावरांकडून माणसांना होणाऱ्या ब्रुसेलोसिससारख्या रोगांचा धोका असल्याने ते कच्चं पिऊ नये.

मुळात दूध मिळवणंच सोपं नाही. गर्भकाळ तेरा महिन्यांचा, दोन वेतांत साधारण दोन वर्षांचं अंतर. पिल्लू जवळ असल्याशिवाय उंटीण सहसा पान्हा सोडत नाही, आणि सोडलेला पान्हा थोडाच वेळ टिकतो. दुबईत २००६ साली सुरू झालेल्या मोठ्या फार्मवर यंत्रानं धारा काढल्या जातात, पण पिल्लांना आयांपासून तोडलं जात नाही.

भारतात उंटांची संख्या २०१२ मध्ये चार लाख होती, २०१९ मध्ये अडीच लाखांवर आली. ओझी वाहायला ट्रक आल्यावर उंट पाळायचा कशासाठी, हा पशुपालकांपुढचा खरा प्रश्न आहे, आणि दूध हे त्याचं एक उत्तर असू शकतं. २०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं या दुधाचं मानक ठरवलं, त्यात किमान तीन टक्के स्निग्धांश मागितला. कच्छच्या उंटिणींचं दूध त्याहून पातळ निघे. अखेर ही अट दोन टक्क्यांवर आणली गेली, आणि २०१९ च्या जानेवारीत कच्छचं दूध अमूलच्या बाटलीतून गुजरातच्या शहरांत पोहोचलं.