चिपशॉपचे चिप्स: जाडी, चरबी आणि दोनदा तळण्यामागची पार्श्वभूमी

आपल्याकडे चिप्स म्हटलं की डोळ्यांसमोर वेफर्स येतात. ब्रिटनमध्ये वेफर्सना क्रिस्प्स म्हणतात. तिथले चिप्स म्हणजे बोटाएवढे जाड, आतून भुसभुशीत आणि बाहेरून जेमतेम सोनेरी तळलेले बटाट्याचे तुकडे. ते कडक नसतातच. कागदात गुंडाळले की स्वतःच्याच वाफेने मऊ पडतात, कडा तेवढ्या थोड्या खरपूस राहतात. घरी फ्रेंच फ्राइजसारखी कुरकुर आणायचा हट्ट धरला, की चिपशॉपची, म्हणजे तळलेला मासा आणि चिप्स विकणाऱ्या ब्रिटिश दुकानाची, चव हातची जाते. हा पदार्थ दुकानाच्या गरजेतून घडला आहे, त्यामुळे घरी करताना दुकानाचा इतिहास फार उपयोगी पडतो.

जोडीतला तळलेला मासा आधी आला. स्पेन आणि पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यू कुटुंबांनी तो लंडनमध्ये आणला. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून आदल्या दिवशी मासा तळून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी गारच खायचा. (आपला ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांचाच, पश्चिम किनाऱ्यावरून मराठीत आलेला.) तळलेल्या बटाट्याची नोंद 1859 साली चार्ल्स डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’मध्ये सापडते, आणि तीही पॅरिसच्या गरीब वस्तीच्या वर्णनात, तेलाच्या मोजक्या थेंबांत तळलेले चिप्स म्हणून.

मासा आणि चिप्स एकत्र विकायला आधी कोणी सुरुवात केली, यावर उत्तर आणि दक्षिण इंग्लंडचं आजही एकमत नाही. पूर्व लंडनमध्ये जोसेफ मॅलिन यांचं नाव 1860च्या सुमारास घेतलं जातं, तर लँकेशायरमधल्या मॉसली गावात जॉन लीस यांचं 1863च्या सुमारास. वाद बाजूला ठेवला तरी धंदा फोफावला तो गिरण्यांच्या मुलखात, यात शंका नाही. बायको-नवरा दोघंही गिरणीत, घरी परतायला संध्याकाळ, आणि चार पैशांत गरम, पोटभर जेवण हवं. वाफेवर चालणाऱ्या ट्रॉलर बोटींनी मासा स्वस्त केला, रेल्वेने तो बर्फात ठेवून आतल्या गावांपर्यंत पोचवला. 1910च्या आसपास देशात सुमारे 25,000 दुकानं होती. 1913 साली तळणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात बहुतेक खाद्यपदार्थांवर रेशनिंग आलं, पण मासा आणि चिप्स सरकारने त्यातून वगळले.

जाडीचं कारण या धंद्यात सापडतं. बारीक तुकड्यांना वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून ते तेलही जास्त पितात. जाड तुकडा तेल कमी ओढतो, कापायला वेळ कमी लागतो आणि कागदात गुंडाळून घरी नेईपर्यंत गरम राहतो. घरी 12 ते 14 मिलिमीटर जाडी धरावी. तुकडे एकसारखेच हवेत. बारीक तुकडा करपेपर्यंत जाड तुकडा आतून कच्चा राहतो.

चरबीचा मामला प्रदेशागणिक वेगळा. यॉर्कशायर आणि उत्तरेत आजही बऱ्याच दुकानांत गोमांसाची वितळवलेली चरबी, म्हणजे ड्रिपिंग, वापरतात. दक्षिणेत वनस्पती तेल. ड्रिपिंगमध्ये संतृप्त चरबी जास्त असल्याने ती वारंवार तापवूनही लवकर खवट होत नाही, आणि चिप्सना तिची एक मांसल चवही येते. तेलात ती चव येणार नाही, हे मान्य करून रिफाइंड शेंगदाणा तेल घ्यावं. ते 190 अंशांना धुरावत नाही.

सगळ्यात जास्त लक्ष बटाट्याकडे द्यावं. चिपशॉपचा आवडता वाण मॅरिस पायपर. तो केंब्रिजच्या वनस्पती पैदास संस्थेत तयार झाला आणि 1966 साली बाजारात आला. मुळांना लागणाऱ्या सूत्रकृमीला तो दाद देत नाही, म्हणून शेतकऱ्यांनी उचलला. पिठूळ आणि कमी पाण्याचा, म्हणून तळणाऱ्यांनी. भारतात त्याच कामासाठी कुफरी चिपसोना आणि कुफरी फ्रायसोना हे वाण आहेत. वाण ठाऊक नसेल तर एक भांडं मीठ 11 भांडी पाण्यात मिसळून त्यात बटाटा सोडावा. बुडाला तर पिठूळ, तरंगला तर चिकट आणि पाणचट. नवा, पातळ सालीचा बटाटा चिप्सला घेऊच नये.

दुसरी अडचण गोड बटाट्याची. शीतगृहातून आलेला बटाटा भाजीतही गोड लागतो, हे प्रत्येक घरात माहीत असतं. थंडीत स्टार्चची साखर होते, आणि ती साखर गरम तेलात अमिनो आम्लांशी संयोग पावून तुकडा आतून शिजायच्या आत काळपट करते. 2002 साली स्वीडिश संशोधकांनी दाखवून दिलं, की याच प्रक्रियेत अ‍ॅक्रिलामाइड हे आरोग्याला घातक मानलं जाणारं रसायनही तयार होतं. म्हणून बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत. गोड निघाले तर दोन-तीन आठवडे घरातल्या अंधाऱ्या, हवेशीर कोपऱ्यात ठेवावेत. साखर बरीच उतरते. रंग सोनेरी झाला की थांबावं, तपकिरीची वाट पाहू नये.

आता दोनदा तळण्याचं. ब्रिटनमधली अनेक दुकानं चिप्स एकदाच तळतात, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. दुकानाच्या कढईत कित्येक लिटर चरबी असते, तिच्यात टोपलीभर बटाटा पडला तरी तापमान फारसं हलत नाही. घरच्या 2 लिटर तेलात 1 किलो बटाटा एकदम ओतला, तर 180 अंशांचं तेल 120च्याही खाली येतं. मग वाफेचा जोर मंदावतो आणि चिप्स तेलकट, लिबलिबीत होतात. दुकानाकडे तेलाच्या साठ्यातून जे आपोआप होतं, ते घरी दोन टप्प्यांत करावं लागतं.

1 किलो बटाटा कापून थंड पाण्यात तीन-चार वेळा धुवावा, पाणी नितळ दिसेपर्यंत. वरचा सुटा स्टार्च राहिला तर तुकडे एकमेकांना चिकटतात. मग सुती पंच्यावर पसरून कोरडे करावेत. ओलसर तुकड्याने तेल उसळतं. कढई तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भरू नये. पहिल्या तळणीला 130 ते 140 अंश, एका घाण्याला 250 ग्रॅम, 6 ते 8 मिनिटं. रंग चढू द्यायचा नाही. सुरीचं टोक सहज आत गेलं की काढायचे. जाळीवर पसरून किमान अर्धा तास गार करावेत. या वेळात पृष्ठभाग सुकतो आणि कडांना बारीक खरखरीतपणा येतो, पुढे खरपूस होतो तो हाच भाग.

दुसरी तळणी 180 ते 190 अंशांना, 2 ते 4 मिनिटं. तापमापक नसेल तर पावाचा तुकडा टाकून पाहावा, मिनिटभरात तांबूस झाला की तेल तयार. झाऱ्यात घेऊन लगेच झटकावेत. तेल शोषलं जातं ते मुख्यतः बाहेर काढल्यावर, गार होताना आतली वाफ आकसते तेव्हा.

घरच्या कढईत चिप्स तळताना लागणाऱ्या आगी हे ब्रिटनमध्ये मोठंच संकट होतं. 1979 साली ओव्हनमध्ये भाजायचे गोठवलेले चिप्स आले, तेव्हा कढई न लागणं हीच त्यांची मोठी सोय ठरली. तेल पेटलं तर गॅस बंद करावा, शक्य असेल तर झाकण सरकवावं आणि पाणी कधीही ओतू नये. ते तळाशी जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल बाहेर उडवतं.

मीठ गरम असतानाच भुरभुरावं. दुकानात वरून शिंपडतात ते तपकिरी पाणी पुष्कळदा माल्ट व्हिनेगर, म्हणजे मोड आणलेल्या जवाचं व्हिनेगर, नसतंच. अ‍ॅसेटिक आम्ल, पाणी आणि कॅरॅमलचा रंग असं मिश्रण असतं. घरातलं साधं पांढरं व्हिनेगर त्यामुळे चालतं. ते खायला बसल्यावरच शिंपडावं, आणि वर दोन मिनिटं कागद झाकावा.