बोलता टाइपरायटर

बोलता टाइपरायटर म्हणजे १९६०च्या दशकात अमेरिकेत २ ते ६ वर्षांच्या पोरांना लिहा-वाचायला आणि त्यातून भाषेशी खेळायला शिकवण्यासाठी बनवलेलं मशीन. त्याचं कंपनीतलं नाव एडिसन रिस्पॉन्सिव्ह एन्व्हायर्न्मेंट, थोडक्यात ई.आर.ई., पण लोक बोलता टाइपरायटरच म्हणायचे कारण ते खरोखर तेच होतं, बटण दाबलं की अक्षर छापायचं आणि वर बोलून दाखवायचं. यामागचा माणूस ओमर खय्याम मूर. नाव वाचून दचकू नका, हा रुबाया लिहिणारा जुना पर्शियन कवी नव्हे, हा येल विद्यापीठातला समाजशास्त्रज्ञ. मशीन प्रत्यक्षात उभं केलं ते न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजच्या एडिसन लॅबोरेटरीतल्या रिचर्ड कोबलर नावाच्या इंजिनिअरने, मूरच्या सोबतीनं. प्रयोग मुख्यतः चालले कनेक्टिकटमधल्या हॅम्डेन हॉल या शाळेत.

शिकवणारी यंत्रं त्याआधीही होती. सिडनी प्रेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात परीक्षा घेणारं मशीन बनवलं होतं, आणि १९५४पासून बी. एफ. स्किनर या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने तर अशा मशीनच्या बाजूने रानच उठवलं होतं. स्किनरचं म्हणणं साधं, धड्याचे बारीक बारीक तुकडे करा, पोरगं उत्तर देईल, बरोबर आलं की लगेच कळू द्या, पुढचा तुकडा द्या. पण बहुतेक मशीनवर प्रश्न छापलेले असायचे, म्हणजे ज्याला आधीच वाचता येतं त्याच्यासाठीच ते. तीन वर्षांच्या पोराला ज्याला अजून क कशाशी खातात माहीत नाही त्याच्यापुढे छापील प्रश्न ठेवून काय उपयोग? मूरचं मशीन इथे वेगळं पडतं, यात प्रश्न विचारायची सुरुवात मशीन करत नाही, पोरगं करतं.

पोरगं एका छोट्या आवाजबंद खोलीत बसायचं. समोर कीबोर्ड, छापलेलं दिसायला मोठा टाइप, चित्रं-अक्षरं दाखवायला पडदा, स्पीकर आणि मायक्रोफोन. बोटांची नखं रंगवलेली असायची आणि बटणांनाही तेच रंग, म्हणजे या रंगाच्या बोटाने या रंगाचं बटण, असं करत करत दहा बोटांनी टाइप करणं आपोआप अंगवळणी पडायचं. (आपल्याकडे टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेलेल्यांना ही आयडिया तेव्हा का नाही सुचली असं वाटेल.) पहिला टप्पा मोकळा, कुठलंही बटण दाबा, मशीन अक्षर छापणार आणि नाव सांगणार. दोन बटणं एकदम दाबून अडकवता यायची नाहीत. दहा वेळा तेच अक्षर दाबलं तरी दहाही वेळा त्याच सुरात उत्तर, कंटाळा नाही, वैताग नाही. माणसाकडून हे होत नाही, आईकडूनसुद्धा नाही. मग एक दिवस खेळाचा नियम गुपचूप बदलायचा, पडद्यावर एक अक्षर दिसतं आणि तेवढं एकच बटण खाली जातं, बाकीची सगळी जाम. पोरगं चिडतं, इकडे तिकडे दाबून बघतं, आणि कधीतरी त्याच्या लक्षात येतं की अच्छा, हे दिसतंय तेच दाबायचंय. कोणी सांगत नाही. पुढे अक्षरांऐवजी शब्द, मग वाक्यं, मग गोष्टी.

भाषेच्या दृष्टीने सगळ्यात मजेशीर भाग मात्र मायक्रोफोनचा. पोरगं त्यात आपल्याला हवं ते बोलायचं, एखादी गोष्ट, घरातली काहीतरी भानगड, मग स्वतःचाच आवाज परत ऐकायचं आणि आपणच आपल्याला डिक्टेशन घेऊन ते टाइप करायचं. म्हणजे तोंडातून गेलेलं वाक्य कागदावर थांबतं, ते परत वाचता येतं, त्यात बदल करता येतो, हे तीन-चार वर्षांच्या पोराला हाताने करून कळत होतं. हॅम्डेन हॉलच्या पोरांनी पुढे स्वतःचं छोटं वर्तमानपत्रही काढलं.

मूरचे नियम कडक होते आणि ते मशीनपेक्षा महत्त्वाचे होते असं माझं मत. दिवसाला जास्तीत जास्त अर्धा तास. यायचं की नाही पोराने ठरवायचं, मधेच उठून जायचं तर जा. शाबासकी नाही, चॉकलेट नाही, स्टार नाही आणि ओरडाही नाही. आईबाबांनी मधे लुडबूड करायची नाही, आज काय शिकलास वगैरे विचारायचं नाही. तत्त्वज्ञ अॅलन रॉस अँडरसनबरोबर मूरने हे सगळं मांडलं होतं, की खेळ हा खेळासाठी असावा, बक्षिसासाठी नाही, आणि चुकल्याचा खरा तोटा होणार नाही अशा जागेतच माणूस मोकळेपणी शिकतो. स्किनरवाल्यांचा भर बक्षिसावर, मूरचा नेमका उलटीकडे.

अडचण पैशाची होती. एका मशीनची किंमत तीस-पस्तीस हजार डॉलरच्या घरात, तीही १९६०च्या दशकातली, आणि एका वेळी एकच पोरगं बसणार. १९६५मध्ये गरीब घरातल्या पोरांसाठी हेड स्टार्ट योजना सुरू झाली तेव्हा शाळापूर्व भाषाशिक्षणाला सरकारी पैसा आला आणि अशा मशीनकडेही लोकांचं लक्ष गेलं, पण हजारो पोरं एकीकडे आणि असं मशीन एकीकडे, गणित बसत नव्हतं. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनमध्ये गुडविन या डॉक्टर नवरा-बायकोने तेच मशीन ऑटिझम असलेल्या मुलांसाठी वापरून बघितलं, तिथे न रागावणारं आणि तोंडाकडे न बघणारं मशीन हीच त्याची जमेची बाजू ठरली.

या मशीनची एक मर्यादा आपल्याला, म्हणजे मराठी वाचणाऱ्यांना, पटकन दिसते. ते अक्षराचं नाव सांगायचं, सी, ए, टी, आणि सी-ए-टी म्हटल्याने कॅट ऐकू येत नाही, ती उडी पोराला स्वतः मारावी लागते. आपल्याकडे क म्हटलं की क हाच आवाज. पण म्हणून देवनागरीत हे सोपं झालं असतं असं नाही, जुन्या देवनागरी टाइपरायटरवर अर्धी अक्षरं वेगळी, काना वेगळा, आणि कि लिहायचं तर वेलांटी आधी नि क मागून, मग वेलांटीचं बटण दाबल्यावर मशीनने बोलायचं तरी काय?

त्याच काळात एक स्वस्त भाऊबंद होता, बेल अँड हॉवेल कंपनीचा लँग्वेज मास्टर. पुठ्ठ्याच्या कार्डाच्या खालच्या कडेला चुंबकीय पट्टी, वर चित्र नि शब्द. कार्ड खाचेतून सरकवलं की शिक्षकाचा आवाज शब्द म्हणतो, मग पोराने त्याच कार्डावर आपला आवाज भरायचा आणि दोन्ही लागोपाठ ऐकून बघायचे. हा वाणीदोष असलेल्या मुलांसाठीही वापरला गेला. १९७८मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा स्पीक अँड स्पेल आला, चिपमधून बोलणारा आणि पन्नासेक डॉलरचा, पण तो शब्द सांगून स्पेलिंग विचारायचा, म्हणजे परत प्रश्न विचारणारं मशीनच.

मूरची कल्पना खरी पुढे नेली ती कोलोरॅडोतल्या ग्रीलीमध्ये ग्लेन निमनिक्ट या शिक्षणतज्ज्ञाने. १९६४ला सुरू झालेल्या त्याच्या न्यू नर्सरी स्कूलमध्ये महागडं मशीन नव्हतंच. बाजारातला साधा इलेक्ट्रिक टाइपरायटर, आणि शेजारी बसलेली एक बाई, पोराने बटण दाबलं की ती अक्षराचं नाव सांगायची.