निसर्गफोटोला पेंटिंग इफेक्ट देणं

डोंगर, झाडं, पानं, पक्षी यांच्या फोटोवर फिल्टर चालवायचा, वर कागद, कॅनव्हास किंवा भिंतीच्या पोताचा एक थर चढवायचा आणि फोटो हाताने काढल्यासारखा दिसेल असं बघायचं, याला फोटोवाले पेंटिंग इफेक्ट देणं म्हणतात. यात कामं दोन आहेत आणि लोक त्यांचीच गल्लत करतात. फिल्टर फोटोतला तपशील काढून टाकतो, टेक्स्चर, म्हणजे हा पोताचा थर, त्यावर मुळात नसलेला तपशील आणून ठेवतं. पहिलं काम नीट झालं नसेल तर दुसऱ्याने फोटो नुसता मळकट होतो.

हा नाद मोबाईलच्या कितीतरी आधीचा. 1890च्या दशकात फ्रान्समधला फोटोग्राफर रोबेर दमाशी गम बायक्रोमेट पद्धतीने प्रिंट करायचा, म्हणजे डिंक, जलरंगाची पूड आणि बायक्रोमेट हे उजेड लागला की डिंक घट्ट करणारं रसायन कालवून कागदावर ब्रशने लावायचं, निगेटिव्ह ठेवून उजेडात धरायचं, मग उजेड लागलेला भाग घट्ट होतो, बाकीचा पाण्यात धुऊन जातो, आणि ओलं असतानाच ब्रशने हवं तेवढं पुसताही येतं. अमेरिकी फोटोग्राफर एडवर्ड स्टायकनचा 1904चा तळ्यावरच्या चांदण्याचा फोटोही याच वळणाचा, त्याची एक प्रिंट 2006 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात 29 लाख डॉलरवर विकली गेली.

कॉम्प्युटरवरचा तैलरंगी लूक बऱ्याचदा कुवाहारा फिल्टरच्या कल्पनेवर चालतो. 1976 मधला हा जपानी शोध, आणि गंमत म्हणजे तो हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमा साफ करायला काढला होता, चित्रकलेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. प्रत्येक पिक्सेलभोवतीचा चौकोन चार भागांत वाटायचा, ज्या भागात रंगाची चलबिचल सगळ्यात कमी त्याची सरासरी घ्यायची आणि ती त्या पिक्सेलला द्यायची, बस. त्यामुळे साध्या ब्लरसारख्या कडा विरघळत नाहीत, आतला बारीक चुरा तेवढा जातो आणि सपाट रंगाचे पट्टे उरतात, जणू ब्रश टेकवलाय. पोस्टराइझ, म्हणजे रंगांच्या छटा मोजक्या पायऱ्यांत बसवणं, त्याहून सरळसोट आहे, लाल, हिरवा, निळा या तिन्ही चॅनलना प्रत्येकी 4 पायऱ्या ठेवल्या की फोटोत जास्तीत जास्त 64 रंग उरतात. 2015 मध्ये जर्मनीत ट्युबिंगेनच्या संशोधकांनी न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, वापरून एका चित्राची शैली दुसऱ्या फोटोवर चढवून दाखवली आणि पुढच्याच वर्षी प्रिझ्मा अ‍ॅपमुळे ते घरोघर पोचलं, मग काही दिवस सगळ्यांचीच झाडं एकाच चित्रकाराने काढल्यासारखी दिसत होती.

टेक्स्चर मात्र विकत घ्यायची गरज नाही. हँडमेड कागद, गोणपाट, गिलावा उडालेली भिंत, गंजलेला पत्रा, सारवलेली जमीन, यांचा ढगाळ उजेडात समोरून फोटो काढला की झालं. त्याचा रंग आधी उडवायचा, नाहीतर सगळं आभाळ पिवळं पडतं. मग तो लेअर, म्हणजे फोटोवरचा थर, खालच्या फोटोत कसा मिसळायचा ते ब्लेंड मोडने ठरतं. मल्टिप्लायवर ठेवला तर टेक्स्चरच्या पांढऱ्या भागाखालचा फोटो तसाच राहतो आणि बाकी सगळं गडद होतं. सॉफ्ट लाइट किंवा ओव्हरलेवर ठेवला तर बरोबर मधला करडा काही करत नाही, त्याहून उजळ ते उजळवतं, गडद ते गडद करतं. ओपॅसिटी, म्हणजे थर किती ठळक दिसावा ते, बहुतेकवेळा 20-30 टक्क्यांत भागते, त्यापुढे आधी भिंतच दिसते, डोंगर नंतर. पक्ष्याचा डोळा, चोच, फुलाचं केसर इथे मास्क लावून, म्हणजे थराचा तेवढा भाग झाकून, टेक्स्चर आणि फिल्टर दोन्ही पुसायचे, कारण चित्रकार पण नजर जाते तिथेच बारीक काम करतो.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. फिल्टरचं माप पिक्सेलमध्ये असतं, त्यामुळे 6000 बाय 4000 च्या फोटोवर दिसतही नाही तोच आकडा 1500 पिक्सेल रुंदीच्या फोटोवर जाड फटकारे देतो. म्हणून साइझ आधी ठरवायची आणि फिल्टर मग.

प्रत्येक फोटो याला चालत नाही. कासच्या पठारावर तेरड्याचा लांबून घेतलेला गुलाबी पट्टा छान उतरतो, तिथेच गुडघ्यावर बसून टिपलेल्या दहा प्रकारच्या फुलांचा लगदा होतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आणि खाली दाटलेलं धुकं म्हणजे तर आयतं चित्र, मोठे आकार आणि मोजके रंग. दुपारच्या कडक उन्हात काढलेलं जंगल असेल तर सरळ नाद सोडावा, पानापानावर चमकणारे ठिपके कुठलाच फिल्टर पचवू शकत नाही.

वन्यजीव फोटो स्पर्धांत हे सहसा चालत नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरमध्ये पुढच्या फेरीत मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली प्रक्रिया न केलेली फाइल, तपासतात, तेव्हा रॉ फाइल जपून ठेवायची आणि सगळे खेळ कॉपीवर करायचे. प्रिंट काढताना कागद मॅट घ्यावा, ग्लॉसीवर कॅनव्हासचे धागे चकाकले की पोल खुलते, आणि कागद खरोखरच खरखरीत हँडमेड असेल तर स्क्रीनवर चढवलेलं टेक्स्चर आधी बंद करावं.