पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली

कारखाना, रुग्णालय, हॉटेल, कार्यालय अशा कोणत्याही आस्थापनेच्या रोजच्या कामातून हवा, पाणी व जमीन यांवर होणारे परिणाम ओळखणे, ते मर्यादेत ठेवणे, त्यांची नोंद करणे आणि ठरावीक काळाने फेरतपासणी करणे यांसाठी तिच्या कारभारातच बसवलेली कार्यपद्धती. खरेदी, साठवण, उत्पादन, देखभाल आणि हिशेब या नेहमीच्या कामांत पर्यावरणाची कोणती जबाबदारी कोणाकडे, हे ठरवून देणे हा तिचा गाभा होय. सांडपाणी प्रक्रिया केंद्र किंवा धूळसंकलक ही तिच्या हाताखालची साधने आहेत. उद्योगजगतात ती बहुतेक वेळा आयएसओ १४००१ या मानकाच्या नावाने ओळखली जाते. त्याचे प्रमाणपत्र घेणे ऐच्छिक आहे.

उगम : या पद्धतीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार ती अमेरिकेतील अनुपालन-तपासणीतून आली. १९७० नंतर तेथील हवा व पाण्याविषयीचे कायदे कडक झाले, तेव्हा मोठ्या कंपन्या दंड आणि दावे टाळण्यासाठी स्वतःच्याच कारखान्यांची तपासणी करू लागल्या. थ्री-एम कंपनीचा १९७५ मधील प्रदूषण-प्रतिबंध कार्यक्रम याच काळातला. प्रदूषण रोखले तर पैसे वाचतात, हे त्याचे सूत्र. दुसरे मत जर्मनीकडे जाते. हँबुर्गचे उद्योजक गेओर्ग विंटर यांनी हिऱ्याची अवजारे बनवणाऱ्या आपल्या कंपनीत साधारणतः १९७२ पासून पर्यावरणरक्षण हे कंपनीचे एक उद्दिष्ट मानले, असे सांगितले जाते. तिसऱ्या मतानुसार हे गुणवत्ता व्यवस्थापनाचे अपत्य आहे : बीएस ५७५० (१९७९) आणि आयएसओ ९००० (१९८७) या गुणवत्ता मानकांच्या साच्यात बीएस ७७५० हे ब्रिटिश पर्यावरण मानक १९९२ मध्ये ओतले गेले.

या साच्यातले ‘योजा, करा, तपासा, सुधारा’ हे चक्र अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांच्या नावावर चालते. तेही तितकेसे सरळ नाही. गुणवत्ता नियंत्रणाचे अमेरिकन अभ्यासक वॉल्टर शूहार्ट यांनी १९३९ मध्ये विनिर्देश, उत्पादन व तपासणी असे तीन टप्प्यांचे वर्तुळ मांडले होते. डेमिंग यांच्या १९५० मधील जपानमधील व्याख्यानांनंतर तेथील मंडळींनी त्याला आजचे चार टप्प्यांचे रूप दिले. डेमिंग स्वतः पुढे ‘तपासा’ऐवजी ‘अभ्यासा’ असे म्हणत. एकंदरीत साचा गुणवत्ता व्यवस्थापनाचा आणि आशय कायद्याच्या अनुपालनाचा, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. भोपाळ दुर्घटनेनंतर (डिसेंबर १९८४) रसायन उद्योगात कॅनडापासून १९८५ मध्ये सुरू झालेली ‘रिस्पॉन्सिबल केअर’ ही चळवळ या आशयाला पूरक ठरली.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने (आयएसओ) १९९३ मध्ये तांत्रिक समिती २०७ नेमली. १४००१ ची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये आली, पुढे २००४ व २०१५ मध्ये ती सुधारली. युरोपीय संघाची ‘ईमास’ योजना १९९३ चीच. तिच्यात बाहेरच्या पडताळणीदाराने तपासलेले निवेदन जाहीर करावे लागते, १४००१ मध्ये तशी सक्ती नाही. २०१५ च्या आवृत्तीने स्वतंत्र ‘व्यवस्थापन प्रतिनिधी’ नेमण्याची अट काढली. एका अधिकाऱ्याच्या टेबलावर साचणारी जबाबदारी सर्व विभागांत जावी, हा त्यामागचा हेतू होता. मानक संघटना स्वतः प्रमाणपत्र देत नाही. ते स्वतंत्र संस्था देतात. त्याची मुदत ३ वर्षे असते आणि दरवर्षी देखरेख-तपासणी होते.

भारतातील कायदेशीर चौकट : महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ मध्ये केला आणि राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले, केंद्राचा जल कायदा १९७४ चा, हवा कायदा १९८१ चा, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. कारखान्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे मंडळाचे संमतीपत्र, बोलीत ‘कन्सेंट’. त्यातील प्रत्येक अट (रोज किती घनमीटर पाणी, धुराड्याची उंची, कोणता घातक कचरा किती) ही प्रणालीची खरी सुरुवात होय. ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षाचे पर्यावरण विवरणपत्र (नमुना ५) ३० सप्टेंबरपर्यंत द्यावे लागते. त्यात उत्पादनाच्या प्रत्येक एककामागे किती पाणी व कच्चा माल लागला, हे विचारलेले असते. हा आकडा बरेच कारखाने मागच्या वर्षावरून उतरवतात. वास्तविक वाया जाणारा माल पकडण्याची याहून सोपी जागा नाही.

पैलूंची निवड : प्रत्येक कामाचा पर्यावरणाशी येणारा संबंध म्हणजे ‘पैलू’. रूढ रीत अशी की तीव्रता, शक्यता व वारंवारता यांना १ ते ५ गुण देऊन गुणाकार करायचा. या रीतीत दोष आहे. सायनाइडची टाकी फुटणे : ५×१×१ = ५. कार्यालयातील कागद : १×५×५ = २५. अर्थात यादीत कागद वर जातो. म्हणून तीव्रता ५ असलेला किंवा संमतीपत्रात उल्लेख असलेला पैलू गुण न पाहता महत्त्वाचा धरतात.

कार्यवाही : मुलामा देण्याच्या (प्लेटिंग) कारखान्यात रोजच्या कामाशी या प्रणालीची सांगड स्पष्ट दिसते. टाकीतून जॉब (मुलामा द्यायची वस्तू) वर काढला की त्याच्या अंगाला द्रावण चिकटून येते. यालाच ‘ड्रॅग-आउट’ म्हणतात. हे द्रावण पैसे देऊन घेतलेले असते आणि पुढच्या धुण्यात ते प्रदूषण होते. जिग (जॉब अडकवण्याची चौकट) टाकीवरच १० ते ३० सेकंद निथळू देणे आणि जॉब तिरका लावणे, जेणेकरून खोबणीत द्रावण साचणार नाही, हा पहिला उपाय. पीस-रेटवर (नगावर मजुरी घेऊन) काम करणारा कामगार निथळण्याची वेळ चोरतो. म्हणून टाकीवर आडवी दांडी बसवून जिग तिच्यावर अडकवून ठेवणे हा सूचनाफलकापेक्षा खात्रीचा मार्ग.

दुसरा उपाय उलट प्रवाहाचे धुणे : जॉब पुढे जातो, पाणी मागे येते. चिकटलेले द्रावण हजारपट सौम्य करायचे असेल, तर १ लिटर ड्रॅग-आउटमागे एका टाकीत सुमारे १,००० लिटर पाणी लागते, दोन टाक्यांत सुमारे ३२ आणि तीन टाक्यांत सुमारे १०. पाणी कमी झाले की प्रक्रिया केंद्रावरचा पाण्याचा भारही त्याच प्रमाणात उतरतो.

उरलेल्या पाण्यातील षट्संयुजी (अधिक विषारी) क्रोमियमचे प्रथम त्रिसंयुजीत (कमी विषारी रूपात) रूपांतर करतात. त्यासाठी सामू (पीएच) २ ते ३ वर आणून सोडियम मेटाबायसल्फाइट देतात. १ किलो क्रोमियमला सैद्धांतिक गरज सुमारे २.७ किलो, प्रत्यक्षात त्याहून जास्त. सामू ४ च्या वर राहिला तर क्रिया मंदावते आणि पाणी पिवळे राहते. मग चुना देऊन सामू साधारण ८.५ वर नेला की हायड्रॉक्साइड खाली बसते. सामू त्याहून फार वाढला तर क्रोमियम पुन्हा विरघळू लागते, उलट निकेलला चांगले बसायला १० च्या आसपास सामू हवा. दोन्ही पाणी एकाच टाकीत घेतले की कोणता तरी धातू निसटतोच. तेव्हा नाल्या आरंभापासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. सायनाइडचे पाणी तर आम्लाजवळ येताच कामा नये : विषारी हायड्रोजन सायनाइड निघतो. ते हायपोक्लोराइटने वेगळे, सामू १० च्या वर ठेवून नष्ट करतात. शेवटी सामू ठरलेल्या मर्यादेत (सर्वसाधारण मर्यादा ५.५ ते ९.०) आणूनच पाणी सोडता येते. पृष्ठजलात सोडताना षट्संयुजी क्रोमियमची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम, एकूण क्रोमियमची २ मिलिग्रॅम आहे.

सेवाक्षेत्रात हाच क्रम वीज, पाणी, कचरा व खरेदी यांना लावतात.

नोंदी : लॉगबुकातील सामू वर्षभर ७.५, ७.६, ७.५ असाच दिसला, तर नोंद मीटरवरून होत नाही असे समजावे. जुळणीची उत्तम कसोटी म्हणजे पदार्थांचा ताळेबंद. १ किलो क्रोमियमपासून कोरडे हायड्रॉक्साइड जवळपास २ किलो बनते. चुन्यामुळे येणारे जिप्सम व फिल्टर प्रेसच्या (गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्राच्या) गाळातील ओल वेगळी. खरेदीच्या वहीत क्रोमिक आम्ल भरपूर, पण घातक कचऱ्याच्या मॅनिफेस्टवर (कचरा बाहेर पाठवतानाच्या वाहतूकपत्रावर) गाळ नाममात्र, असे दिसले तर पाणी प्रक्रियेला वळसा घालून गेले किंवा गाळ भंगारात गेला. घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे असा कचरा आवारात साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. ड्रमवर लावलेल्या चिठ्ठीत साठवण सुरू झाल्याची तारीख नसेल, तर हे दिवस मोजायला आधारच राहत नाही.